ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट : एवढा देखणा खेळ, आणि नेमक्या जागी असा आडमुठा का?

मंगळवारपेठी
रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात माझं छोटं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. दिवसभर मंडळांचे आणि वाढदिवसांचे फ्लेक्स, रात्री शटर ओढलं की जेवून तासभर गेम. गेले तीन आठवडे एकच खेळ चालू आहे आणि त्याच्यावर माझा जेवढा जीव जडलाय तेवढाच रागही साठलाय. कुठंतरी बोलावं म्हणून धागा काढतोय.

खेळ आहे ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट. २०१५ चा. माझ्याकडची प्रतही तेव्हाचीच, जुनी.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वादळी रात्री एका मोठ्या झाडावरून पानासारखं उडून आलेलं एक पांढरंशुभ्र पिल्लू म्हणजे ओरी. नारू नावाची एक जाडजूड, काळी, मायाळू जनावर त्याला सांभाळते. दोघं मिळून फळांपर्यंत जायला पूल बांधतात. मग रान वाळायला लागतं, खायला काही उरत नाही. नारू शेवटचं फळ ओरीला देते. ओरी बाहेर पडून आणखी फळं घेऊन परत येतो, तेव्हा ती उठत नाही. हे सगळं पहिल्या काही मिनिटांत होतं, आणि तेही आपल्याला कळणाऱ्या कुठल्याच भाषेत नाही. निवेदकाची भाषा खेळासाठीच तयार केलेली आहे, खाली इंग्रजी ओळी येतात. माझी पुतणी आठ वर्षांची. ती मांडीला मांडी लावून बसलेली आणि मी ओळी वाचून तिला मराठीत सांगत होतो. नारूपाशी आल्यावर मला काही सांगावं लागलं नाही. ती उठून आईला बिलगून आली आणि परत येऊन म्हणाली, "काका, चालू कर."

तेव्हापासून हा खेळ आमचा दोघांचा झाला. खेळायचो मी, बघायची ती. रंगांचं तर काय सांगू. मी दिवसभर रंगांत असतो, पण दुकानातले रंग वेगळे. लांबून ओरडणारा लाल, ओरडणारा पिवळा. इथं निळ्याच्या आत हिरवा, हिरव्यात धुकं आणि धुक्यात कुठंतरी एक किडा चमकतोय. प्रत्येक जागा जणू हातानं रंगवलेली. नुसता उभा राहून बघत बसायचो.

आता रागाचं कारण.

या खेळात सेव्ह करायची पद्धत वेगळी आहे. ठरावीक जागी आपोआप सेव्ह झालं आणि सुटलो, असं नाही. आपण असू तिथं बटण दाबून धरायचं, ओरी एक छोटी ज्योत लावतो, तीच आपली खूण. मेलो की तिथूनच परत सुरुवात. पण ज्योतीला ऊर्जा लागते, आणि तीच ऊर्जा दुसऱ्या कामांनाही लागते. शत्रू जवळ असेल तर ज्योत लागत नाही, पायाखालची जागा डळमळीत असेल तरी नाही. म्हणजे कुठं पणती लावायची हा निर्णय आपला. विसरलो आणि दहा मिनिटांचं फुकट गेलं, तर चूक माझी. असं बऱ्याचदा झालं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. उलट ही कल्पना मनापासून आवडली. खेळ माझ्यावर विश्वास टाकतोय असं वाटायचं.

मग आलं गिन्सोचं झाड. आत शिरून, चढून, कोडी सोडवून आपण त्या झाडाच्या काळजात अडकलेलं पाणी मोकळं करतो. आणि ते पाणी खालून चढायला लागतं. त्याच्या पुढं राहून वर पळायचं. इथं ज्योत नाही. मधे थांबा नाही. पार वरपर्यंत एका दमात. कुठंही चुकलं की परत तळाशी.

पहिल्यांदा बुडलो तेव्हा आम्ही दोघंही "अरे रे" म्हणालो. पाचव्यांदा पुतणी म्हणाली, "काका, उजवीकडं उडी मार." विसाव्यांदा ती काही बोलली नाही. नंतर कधीतरी मान वळवून बघितलं तर ती आत जाऊन झोपली होती.

हे मला लागलं. त्या पळापळीसारखी सुंदर गोष्ट मी गेममध्ये बघितलेली नाही. पाण्याचा उजेड, ते चढत जाणारं संगीत, वरून झिरपणारं आभाळ. पण सुंदर गोष्ट पहिल्यांदा बघताना जीव भरून येतो, चाळिसाव्यांदा बघताना आपण तिच्याकडं बघतच नसतो. नजर फक्त पुढच्या फांदीवर. एवढ्या मेहनतीनं काढलेलं चित्र खेळानं स्वतःच माझ्या डोळ्यांपुढं झिजवून टाकलं. आणि जिला ते बघायचं होतं ती उठून गेली.

आधी सांगायचं "तुझी जबाबदारी तू घे" आणि सगळ्यात अवघड जागी हातातली पणती काढून घ्यायची, हे कुठलं न्यायाचं? मी अजून अडकलेलोच आहे. मला खेळ सोडायचा नाही. कुणाचं काय मत?

शाहूपुरी_तालीम
सोमवार, सकाळी ७:०५

भावा, वाचलं आणि ऱ्हावलं न्हाई. पुतणीचं वाचून वाईट वाटलं.

मी ल्हानपणी आठ वर्षं तालमीत हुतो. वस्ताद ढाक शिकवायचं. डाव हुकला की काय करायचं? तिथंच उभा करायचं, "पाय कुठं हाय तुझा?" म्हणायचं, परत मारायला लावायचं. दहादा हुकला तर दहादा. पण कधी असं म्हणालं न्हाईत की डाव हुकला, आता पहिल्यापास्नं जोर काढ, बैठका मार, माती उकर आणि मग ये. जे चुकलंय तेवढंच घोटून घ्यायचं. तुझा खेळ जोर-बैठकांपास्नं परत सुरू करालाय. त्यात अंग दमतंय, डाव शिकत न्हाई.

राजारामपुरी_९वी_गल्ली
सोमवार, सकाळी ९:२०

तालीमवाले दादा, उदाहरण आवडलं, पण मी उलट बाजूनं बोलतो. तालीम वेगळी आणि मैदान वेगळं. खासबागेत कुस्ती लागली की वस्ताद बाहेर उभे. मधे कुणी थांबवून पाय नीट करून देत नाही. गिन्सो हे मैदान आहे. तोवर जे शिकलात ते एका श्वासात दाखवा, असं खेळ म्हणतोय. मधे चार थांबे टाकले असते तर तुम्ही थांब्या-थांब्यानं वर गेला असता आणि वर पोचल्यावर काही वाटलं नसतं. मी २०१६ मध्ये खेळलो, तिसाव्या की पस्तिसाव्या प्रयत्नात सुटलो. कंट्रोलर खाली ठेवला तर हात थरथरत होते. ते अजून आठवतं. बाकीच्या खेळातल्या कितीतरी जागा विसरलो, ही नाही.

मंगळवारपेठी
सोमवार, दुपारी २:१०

@राजारामपुरी, तुमचं म्हणणं पटतं आणि पटत नाहीसुद्धा. मैदान हवंच. पण मैदानात उतरणाऱ्या पैलवानानं तो डाव वर्षभर घोटलेला असतो. गिन्सोत जो मुख्य डाव लागतो, बॅश, म्हणजे शत्रू किंवा त्यानं फेकलेला गोळा पकडून त्याच्यावरून स्वतःला हव्या त्या दिशेला भिरकावून घ्यायचं, तो शिकवलाय कुठं? त्याच झाडात, थोडं खाली. सकाळी डाव शिकवला आणि दुपारी खासबागेत उभं केलं.

शाहूपुरी_तालीम
सोमवार, दुपारी २:३५

हे मात्र शंभर टक्के बरोबर बोललास.

राजारामपुरी_९वी_गल्ली
सोमवार, दुपारी ३:००

हं. बॅश तिथंच मिळतो हे मी विसरलो होतो. इतक्या वर्षांनी डोक्यात सगळं एकत्र झालं होतं. हा मुद्दा मान्य. दम एकच असावा यावर मात्र मी ठाम आहे.

कोडवाला_कोथरूड
सोमवार, सायंकाळी ६:४५

मूळचा कळंब्याचा, नोकरीमुळं पुण्यात. गेम नाही, पण सॉफ्टवेअर बनवतो, म्हणून यंत्राच्या बाजूनं बघतो.

समजा गिन्सोत ज्योत लावायची मुभा दिली. तुम्ही घाबरून पाणी पायाला लागायच्या आधी अर्धा सेकंद ज्योत लावली. आता तुमचं सेव्ह म्हणजे "पाणी पायाशी" ही स्थिती. मेलात, परत आलात, अर्ध्या सेकंदात परत बुडालात. परत आलात, परत बुडालात. खेळ कायमचा अडकला. खेळाडूच्या हातात सेव्ह दिलं की हा धोका येतोच, म्हणून चढत्या पाण्यात ज्योत बंद ठेवणं मला समजतं. शत्रूजवळ आणि डळमळीत जागी ती लागत नाही, त्यामागंही हाच विचार दिसतो.

पण याला उपाय होता. वाटेत दोन-तीन पक्क्या जागा ठरवायच्या, खेळाडू तिथं पोचला की खेळानं स्वतःच नोंद घ्यायची, आणि मेल्यावर परत आणताना पाणी त्या जागेच्या खाली ठरावीक अंतरावर नेऊन ठेवायचं. ज्योतीची कल्पनाही शाबूत राहिली असती. मंगळवारपेठी म्हणतात तसा विश्वासघात वाटायचं कारण हेच, की एक नियम काढून घेताना त्याच्या जागी दुसरं काहीच दिलं नाही.

पुढचा भाग, ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स, मार्च २०२० मध्ये आला. त्यात ज्योत पूर्ण काढून टाकली, सेव्ह आपोआप होतं. त्यामुळं मनस्ताप कमी झाला, पण मला चुकचुकल्यासारखंही झालं. आता मी कुठं आहे याचा विचारच करावा लागत नाही. पहिल्या भागात रानात शिरताना पावलापावलाला "इथं लावू का, पुढं लावू?" असं मनात चालायचं, त्यामुळं रानाची भीती खरी वाटायची.

नवा_मेंबर_गगनबावडा
सोमवार, रात्री ८:१५

वाचतोय. छान धागा. माझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही, चालेल का?

मंगळवारपेठी
सोमवार, रात्री ८:५०

@गगनबावडा, माझाही जुनाच आहे, सेकंडहँड घेतलेला. रिझोल्यूशन कमी करून नीट चालतो. घेणार असाल तर डेफिनिटिव्ह एडिशन घ्या, ती २०१६ ची. त्यात सोपी पातळी आहे, एका जागेवरून दुसऱ्या जागी पटकन जायची सोय आहे, आणि नारूची आधीची गोष्टही आहे म्हणे. माझ्या प्रतीत यातलं काहीच नाही.

चित्रकला_सर
मंगळवार, सकाळी ६:३०

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. गेम खेळत नाही. नातू खेळतो, त्यानं हा धागा दाखवला आणि त्याच्याच संगणकावर मी काल हा खेळ दोन तास पाहिला. चित्रकाराच्या नजरेनं दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

आपल्या गावाला कलापूर म्हणतात. आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी बसून तेच पाणी, तीच झाडं वेगवेगळ्या प्रहरी रंगवत. निसर्गचित्र शिकवताना आम्ही मुलांना पहिला धडा देतो तो अंतराचा. लांबचा डोंगर फिकट आणि निळसर, मधली झाडं त्याहून गडद, अगदी जवळची फांदी जवळजवळ काळी. या खेळात हा धडा पडद्यापडद्यानं पाळलाय. मागं धुकं, मधे उजेड, पुढं काळ्या आकृती. आणि या सगळ्यात सर्वांत उजळ गोष्ट एकच, ती म्हणजे तो छोटा ओरी. म्हणून एवढ्या गर्दीतही तो क्षणभर हरवत नाही. ज्यानं हे योजलं त्याचा हात आणि डोळा दोन्ही तयार आहेत. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत. रंगवलेल्या पडद्यापुढं माणूस उठून कसा दिसावा, याचा विचार या गावाला नवा नाही.

आता नातवानं मला गिन्सोतली ती धावपळ दाखवली. तिथं काय होतं पाहा. पाणी उजळ, त्याचे तुषार उजळ, उडणारे गोळे उजळ, ओरी जिथून झेप घेतो तिथली ठिणगीही उजळ. जो उजळपणा इतका वेळ फक्त ओरीसाठी राखून ठेवला होता तो अचानक सगळ्यांना वाटून टाकला. मी नातवाला तीनदा विचारलं, "अरे, तो आहे कुठं?" तो म्हणाला, "आजोबा, मलापण कधीकधी दिसत नाही."

मंगळवारपेठी, तुम्ही दोष थांबा नसण्याला देता. माझ्या मते निम्मा दोष चित्राचा आहे. सुंदर करण्याच्या भरात त्यांनी मूळ रचनेचा नियम मोडला. बुडताना आपण का बुडालो हे दिसलं असतं तर माणूस चाळीस वेळाही चिडत नाही. न दिसता बुडालो की चिडतो.

मंगळवारपेठी
मंगळवार, सकाळी १०:१५

सर, नमस्कार. हे वाचून मी दुकानातच लॅपटॉप उघडला आणि परत बघितलं. तंतोतंत खरं आहे. मी ज्याला "माझा हात हळू" म्हणत होतो त्यातल्या निम्म्या वेळा मला ओरी दिसतच नव्हता. फ्लेक्स करताना मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो की सगळंच ठळक केलं तर काहीच ठळक दिसत नाही, आणि इथं माझ्या ध्यानात आलं नाही.

हुपरी_चांदी
मंगळवार, दुपारी १२:४०

मी हुपरीची. आमच्याकडं घरी पैंजणाच्या कड्या जोडायचं काम. पंधरा वर्षं बारीक काम करून उजव्या हाताची दोन बोटं आखडली आहेत. गेम आवडतात, मुलाबरोबर खेळते. पण ज्या खेळात क्षणात बटण दाबावं लागतं तिथं मी कितीही शिकले तरी बोट वेळेत वळत नाही. मला डाव कळलेला असतो. पाणी कुठून येतंय, कुठं उडी मारायची, सगळं पाठ. बोट ऐकत नाही.

म्हणून "एका दमात दाखवा" हे वाचून मी जरा थबकले. राजारामपुरी, तुमचा आनंद खरा आहे. पण त्या आनंदाच्या दारावर एक माप लावलंय, आणि माझं बोट त्या मापात बसत नाही.

सेलेस्ट नावाचा २०१८ चा खेळ आहे, डोंगर चढायचा. तो ओरीपेक्षा कितीतरी अवघड. पण एक एक पडदा छोटा, मेलं की क्षणात तिथंच परत. आणि त्यात असिस्ट मोड आहे. खेळाचा वेग कमी करता येतो, दम न संपणारा करता येतो, अगदीच नाही जमलं तर न मरणारं होता येतं. मी वेग कमी केला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. तरी मी शेकडो वेळा पडले. पण शिखरावर मी पोचले, माझ्या हातानं. हात माझेही थरथरले होते.

राजारामपुरी_९वी_गल्ली
मंगळवार, दुपारी १:२५

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी फक्त माझ्या हातांचा विचार करून लिहिलं होतं. एका दमाचा खेळ ज्याला हवा त्याच्यासाठी राहावा आणि वेग ज्याचा त्यानं ठरवावा, यात माझं काही जात नाही. माझी ती रात्र माझ्याकडं राहतेच. माझं मत बदललं असं समजा.

बिंदू_चौक
मंगळवार, दुपारी ४:००

हॉलो नाइट (२०१७) खेळणारे कुणी आहेत का इथं? तोही हातानं काढलेला, सगळा काळा-निळा, मन उदास करणारा. तिथं बाकावर बसलं तरच सेव्ह. मेलात की तुमचे पैसे मेल्या जागी एका सावलीपाशी राहतात, परत जाऊन सावलीला हरवून आणायचे. नकाशा विकत घ्यायचा, आणि नकाशात आपण कुठं आहोत हे दिसायला होकायंत्र वेगळं, तेही ताईत अडकवायच्या मोजक्या खाचांमधली एक खाच अडवून. पहिल्यांदा मला हा जाच वाटला. पण तो खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत असाच आहे. मधेच नियम बदलत नाही. म्हणून राग टिकत नाही. मंगळवारपेठींचा राग अवघडपणावर नसून शब्द मोडण्यावर आहे, असं मला वाटतं.

नाहीतर ग्रीस (२०१८) बघा, जलरंगातला. त्यात मरणंच नाही. सर, तुम्ही नातवाकडून तो नक्की मागून घ्या.

चित्रकला_सर
मंगळवार, सायंकाळी ५:१०

जरूर. नाव लिहून ठेवले आहे.

कोडवाला_कोथरूड
मंगळवार, रात्री ९:३०

देखण्या खेळांचा विषय निघालाच आहे तर पुण्यात बनलेला राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक (२०२०) सांगायचा राहिला. राजस्थानी वाडे, भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं, गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी बहीण. मारामारी मला सपाट वाटली आणि कॅमेरा आपल्या हातात नसल्यानं उड्या हुकतात. तरी मी तो दोनदा खेळलो, कारण त्या भिंती आपल्या आहेत.

बरं, गिन्सोत अडकलेल्यांसाठी एक युक्ती. बॅशचं बटण दाबून धरलं की क्षणभर सगळं थांबतं, पाणीसुद्धा. दिशा ठरवायला तेवढा वेळ मिळतो. घाईत लोक बटण लगेच सोडतात. सोडू नका. धरा, बघा, मग सोडा.

शाहूपुरी_तालीम
मंगळवार, रात्री ९:५०

वस्ताद पण हेच सांगायचं. पकड बसली की दम घे, मग डाव टाक.

मंगळवारपेठी
गुरुवार, रात्री १२:५५

मंडळी, सुटलो.

सरांच्या सांगण्यावरून खोलीतला दिवा बंद केला आणि स्क्रीनचा ब्राइटनेस खाली आणला, म्हणजे पाण्याची चमक कमी झाली आणि ओरी जरा वेगळा दिसायला लागला. कोडवाल्यांची युक्ती धरली. बॅश धरायचा, वर बघायचं, मग सोडायचं. सहाव्या प्रयत्नात वर आलो. झाड उघडलं, पाणी रानभर पसरलं. मी एकटाच होतो. हाक मारणार होतो, पण घड्याळ बघितलं.

मंगळवारपेठी
गुरुवार, रात्री ९:२०

आज पुतणीला सांगितलं. ती दप्तर टाकून पळत आली. "दाखव." आणि मग लक्षात आलं की दाखवता येत नाही. माझ्या या जुन्या प्रतीत गिन्सोतून एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. पाणी मोकळं झालेलं रान आहे, पण ती पळापळ गेली. मोबाईलवर दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ दाखवतो म्हटलं तर म्हणाली, "तो तुझा नाही."

याचा मला गिन्सोपेक्षा जास्त राग आला, खरं सांगतो. चाळीस वेळा जे बळजबरीनं बघायला लावलं ते एकदा मागितल्यावर दाखवायची सोय नाही.

शेवटी नवीन स्लॉट उघडला आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला. वादळ, पान, नारू, पूल. या वेळी ओळी वाचून दाखवाव्या लागल्या नाहीत, तिला पाठ आहेत. नारूपाशी ती थांबली आणि फळ घेऊन सावकाश चालत गेली. धावता येत असूनही चालत गेली. मग पुढं रानात शिरल्यावर पहिली ज्योत लावायची वेळ आली तेव्हा तिनं मला विचारलं, "काका, इथं लावू का अजून पुढं जाऊ?"

मी म्हटलं, तुला काय वाटतंय?

तिनं इकडं तिकडं बघितलं आणि तिथंच लावली. आता झोपली आहे. हुपरीच्या ताई, सेलेस्ट उद्या डाउनलोडला लावतोय, तिचा हात बसेपर्यंत तो बरा पडेल असं वाटतं. वेग किती ठेवला होता तुम्ही?

हुपरी_चांदी
गुरुवार, रात्री १०:०५

सत्तर टक्के. पण लहान आहे ती, आधी शंभरवर खेळू दे. पडू दे थोडी. कंटाळून उठायला लागली की मगच कमी करा, आणि तिला विचारून करा.